गिरण घाला, पण जमीन घालवू नका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रायश्चित्तकाळातला रविवार होता. मिस्सा संपली, माणसे आपापल्या घरी गेली. एक जोडपे मात्र चर्चच्या पायरीवर थांबून राहिले. नवऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. जमिनीचा उतारा, बँकेचा अर्ज आणि यंत्र विकणाऱ्याने दिलेले दरपत्रक. तो म्हणाला, "फादर, रस्त्याकडेच्या जमिनीत पिठाची गिरण घालूया म्हणतो. बँकेला जमीन तारण द्यावी लागेल. सही करण्याआधी तुमचा आशीर्वाद घ्यावा म्हणून आलो."

आशीर्वाद देणे धर्मगुरूला कधीच अवघड नसते. पण मी त्यांना घरात बोलावले, चहा ठेवला आणि विचारले, "तुमच्या गिरणीत रोज किती डबे येतील?" नवरा बायकोकडे पाहू लागला, बायको नवऱ्याकडे. तेवढा एकच प्रश्न त्या पिशवीतल्या कागदांत कोठेही नव्हता.

त्या दिवशी सुरू झालेले बोलणे पुढे दोन महिने चालले. त्यातून जे निघाले ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून, त्या दोघांच्या परवानगीने पण नाव न देता, येथे लिहीत आहे.

जोडधंद्याची गरज

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने शेती करावी, धंद्याच्या मागे कशाला लागावे? पण या कुटुंबाची स्थिती पाहा. जमीन तीन एकर. त्यात पावसाळी भात, थोडा ऊस, बांधावर काजूची झाडे. भाताचा पैसा वर्षातून एकदा येतो. उसाचा पैसा कारखाना देईल तेव्हा. शाळेची फी, डॉक्टर, किराणा मात्र दर महिन्याला. मधल्या काळात उधार घ्यायचे आणि पीक आले की फेडायचे, असे चक्र वर्षानुवर्षे चाललेले. दर आठवड्याला थोडा तरी रोख पैसा घरात यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. यात हाव कोठेच नाही.

ख्रिस्तसभेनेही हे ओळखले आहे. पोप तेविसावे जॉन हे स्वतः इटलीतील एका खेड्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात जन्मले होते. १९६१ साली काढलेल्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात त्यांनी शेतकऱ्यांसाठी एक मोठा भाग लिहिला. शेतमाल टिकवणारे, त्यावर प्रक्रिया करणारे उद्योग खेड्यांतच वाढावेत, असे त्यात सुचवले आहे. संत पौल सुवार्ता सांगत फिरत असताना करिंथ शहरी तंबू बनवण्याचे काम करीत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. तेव्हा एका कामाला दुसऱ्या कामाची जोड देण्यात कमीपणा नाही.

प्रश्न आहे तो जोड कशी द्यावी याचा. बैलजोडीत एक बैल दुसऱ्याला ओढत नेऊ लागला तर जू मोडते. जोडधंदाही शेतीला मदत करणारा हवा. शेतीने त्याला पोसायचे, असे होऊ नये.

आमच्या घरची गिरण

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८८ साली माझ्या वडिलांनी पिठाची गिरण घातली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. धर्मगुरूंनी येऊन पवित्र पाणी शिंपडले, गावाला पेढे वाटले, आणि पहिले दळण आजीच्या हातून झाले. गिरणीसाठी वडिलांनी व काकांनी मिळून रस्त्याकडेची सामाईक जमीन तारण ठेवली होती.

चार वर्षांनी गिरण बंद पडली आणि त्या जमिनीतले वीस गुंठे विकून कर्ज फेडावे लागले. माझे वडील आळशी नव्हते, व्यसनी नव्हते, लबाडही नव्हते. तरी असे का झाले? मोठेपणी मी आईला विचारून विचारून त्याची कारणे जमवली. ती अशी.

गावात दीडशे-पावणेदोनशे घरे, आणि एक गिरण आधीपासून चालू होती. दुसरी गिरण चालण्याएवढे दळण गावात आहे का, हे कोणी मोजले नव्हते.

दुसरे कारण उधारी. शेजारी, भावकी, चर्चमधली माणसे, सगळी ओळखीची. "पुढच्या आठवड्यात देतो" म्हटले की वडिलांना नाही म्हणवत नसे.

तिसरे कारण गल्ला. दळणाचे पैसे पत्र्याच्या एका डब्यात पडत. त्याच डब्यातून मीठ-साखर येई, खताचे पोते येई, पाहुण्यांच्या बसभाड्याचे पैसेही त्यातूनच जात. वीजबिल आले की डबा रिकामा. गिरण फायद्यात आहे की तोट्यात, हे चार वर्षांत एकदाही कोणाला सांगता आले नाही.

चौथे कारण वेळ. वडील म्हणत, आपली गिरण दिवसभर उघडी. पण जुलैत रोप लावणी आली की सगळे शेतात; गिरणीला कुलूप. गिऱ्हाईक डोक्यावर दहा किलोचे ओझे घेऊन येई आणि तसेच परत जाई. दोनदा परत गेलेले माणूस तिसऱ्यांदा येत नाही. दुसरीकडे कधी गिरणीत गर्दी असली की शेतात तण माजे.

जमीन विकली त्या दिवसापासून काका आमच्या घरी यायचे बंद झाले. दोन घरांच्या मध्ये एक अंगण होते. पण आजी आजारी पडून अंथरुणाला खिळेपर्यंत, म्हणजे तब्बल नऊ वर्षे, ते अंगण कोणी ओलांडले नाही. वीस गुंठे गेल्याचे दुःख वडिलांना होते; पण भाऊ तुटल्याचे दुःख त्याहून मोठे होते. म्हणूनच त्या जोडप्याच्या हातात उतारा पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आधी डबे मोजा

प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे (लूक, अध्याय १४). बुरूज पुरा करण्यास पैसा पुरेल की नाही याचा हिशेब त्याने आधी बसून करावा, नाहीतर अर्धवट बांधकाम पाहून लोक हसतील, असा त्याचा अर्थ. आपण हा दृष्टांत अध्यात्माच्या अंगाने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण दृष्टांतातला माणूस खरोखरच बसून हिशेब करतो, तेही आपण शिकावे.

त्या जोडप्याला मी एवढेच सांगितले की चार आठवडे डबे मोजा. त्यांचे घर रस्त्यालगत आहे. त्यांच्या वस्तीतले लोक दळणासाठी तीन किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावी जातात. त्यांच्या मुलीने दाराच्या मागे खडूने रेघा मारायला सुरुवात केली. दळणाचा एक डबा गेला की एक रेघ. सायकलवरून, दुचाकीवरून, डोक्यावरून. शिवाय आईने ओळखीच्या घरी जाऊन विचारले: महिन्याला किती दळता? तांदूळ, जोंधळा, नाचणी की गहू? मिरची केव्हा कांडता? दळणासाठी मुद्दाम जाता की बाजाराला जाताना डबा नेता?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला. बाजाराच्या दिवशी जाणाऱ्या माणसाला बाजारातलीच गिरण सोयीची. त्याचा डबा आपल्या दारावरून गेला तरी तो आपला गिऱ्हाईक नव्हे.

चार आठवड्यांच्या रेघा मोजल्या. रविवार सोडून रोज सरासरी नऊ डबे निघाले.

वहीवरचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. दर गावाचा दळणाचा भाव व वीजदर वेगळा असतो. आपल्या गावचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, दहा अश्वशक्तीची मोठी गिरण घातली. त्यासाठी दीड लाख रुपये कर्ज, व्याज शेकडा ११, मुदत चार वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ३,९०० रुपये. दळणाचा भाव किलोला ५ रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६. एका डब्यात दहा किलो धान्य.

रोज बारा डबे आले तर महिन्याची जमा १५,६०० रुपये. खर्च असा: वीज ४,५०० रुपये, पट्टा, दगड व दुरुस्ती १,००० रुपये, पुढेमागे यंत्र बदलण्यासाठी बाजूला १,००० रुपये, हप्ता ३,९०० रुपये, गिरणीवर बसणाऱ्याची मजुरी ४,००० रुपये. एकूण १४,४००. शिल्लक १,२०० रुपये.

आता आठच डबे आले असे धरा. जमा १०,४०० रुपये. विजेचे बिल थोडे उतरेल, समजा ३,३०० रुपये. बाकी खर्च तोच. एकूण १३,२००. म्हणजे दर महिन्याला २,८०० रुपये खिशातून. हा खिसा कोणाचा? शेतीचा. भाताचा पैसा गिरणीत जाऊ लागतो आणि वर्षभरात सोसायटीचे पीककर्ज थकते.

तेव्हा पाहा, तरणे आणि बुडणे यांत रोजच्या फक्त चार डब्यांचा फरक आहे. चार डब्यांच्या भरवशावर जमीन तारण ठेवायची काय?

हिशेब पाहून नवरा म्हणाला, "फादर, मजुरी कशाला धरता? गिरणीवर हीच बसणार." मी त्याच्या बायकोकडे पाहिले. ती पहाटे पाचला उठते, गोठा करते, स्वयंपाक करते, मग शेतात जाते. त्यावर आणखी चार तास गिरणीत उभे राहायचे आणि त्याची किंमत शून्य धरायची? ती आजारी पडली तर माणूस लावावे लागेल, तेव्हा मजुरी द्यावीच लागेल ना? कामकऱ्याची मजुरी अडवू नये असे पवित्र शास्त्र पुन्हा पुन्हा बजावते. आपल्या घरातली कामकरी त्यातून वगळलेली नाही. जो धंदा घरच्या बाईची मजुरी न धरताच फायद्यात दिसतो, तो खरे पाहता तोट्यात आहे.

ती बाई त्या दिवशी काही बोलली नाही. पण पुढच्या रविवारी आली ती स्वतःच्या नावाची वही घेऊन.

भांडवल कोठून आणावे

पहिले भांडवल आपली बचत. बचत गट असो, स्त्रीशक्ती संघ असो की पतसंस्था असो. आपल्या ख्रिस्ती समाजाला ही वाट नवी नाही. छोटा नागपूर भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी सावकाराच्या घशात जात होत्या, तेव्हा येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ साली रांचीत कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आपल्या मराठी भाषक वसईकर बांधवांनी १९१८ साली बसीन कॅथलिक बँकेची सुरुवात केली. थोडे थोडे जमवावे आणि अडल्यावेळी आपल्याच माणसाला द्यावे, हेच त्यामागचे तत्त्व.

बचत पुरत नसेल तर कर्ज घ्यावे, पण जमीन तारण न ठेवता. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१० साली दिला. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील कर्जही बिनतारण असते. त्यातला 'शिशु' हा पहिला गट ५० हजार रुपयांपर्यंतचा आहे. आपली गिरण, शिवणयंत्र, वेल्डिंगचे दुकान हे सूक्ष्म उद्योगातच मोडते. तेव्हा बँकेत कोणी उतारा मागितला तर नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: "साहेब, हे उद्योगाचे कर्ज आहे, मग तारण कशाला?" लेखी उत्तर मागावे.

केंद्र सरकारच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही माहिती असावी. २००८ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या नियमांत ग्रामीण भागातील महिला व अल्पसंख्याक अर्जदारांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के अशी तरतूद करण्यात आली. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याकांत येतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, हे अनुदान हाती रोख मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळते होते. दोन, योजनांच्या मुदती व नियम बदलतात. अर्ज भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करावी. अनुदान आहे म्हणून मोठे यंत्र घेणे, हे सूट मिळते म्हणून पायापेक्षा मोठा जोडा घेण्यासारखे आहे.

आणि पैशाआधी कसब. आपल्या कर्नाटकात धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी दोन बँकांच्या साहाय्याने १९८२ साली उजिरे येथे ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी संस्था काढली. तिच्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या प्रशिक्षण संस्था निघाल्या. तेथे मोटर रिवाइंडिंग, शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती असे कितीतरी अभ्यासक्रम शिकवतात, तेही राहण्या-जेवण्यासह विनामूल्य. बेरोजगार बसलेल्या आपल्या मुलामुलींना तेथे जरूर पाठवावे. प्रत्येकाने गिरणच घालावी असे नाही. गावात पंप जळला की मोटर शहरात न्यावी लागते का? शाळेचे गणवेश कोठून शिवून येतात? लग्नाची भांडी भाड्याने कोठून आणता? गावाला ज्यासाठी बाहेर जावे लागते, तेथे धंद्याची जागा असते.

कागदपत्रे

थोडक्यात सांगतो. कर्नाटकात शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमातील बिनशेती परवानगीचे नियम आधी पाहावेत. गावठाणातल्या घराच्या पडवीत धंदा सुरू करणे त्या मानाने सोपे. ग्रामपंचायतीचा परवाना घ्यावा. पीठ, मसाला विकायचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. वजनकाट्यावर वजनमापे खात्याची मुद्रा असावी.

वीज मात्र नीट समजून घ्यावी. शेतीपंपाची वीज पंपासाठीच असते. तिच्यावर गिरण चालवणे हा विनापरवाना वापर ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली दुप्पट दराने आकारणी होते. "सगळेच करतात" हे ख्रिस्ती माणसाचे उत्तर नव्हे. धंद्याचे वेगळे मीटर घ्यावे. हिशेबही वेगळा राहतो.

आणखी एक कागद सरकार मागत नाही, पण मी मागतो. जमीन भावाभावांची सामाईक असेल तर गिरण कोणाची, जागेचे भाडे कोणाला किती, वाटणी झाली तर यंत्र कोणाकडे, हे साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. प्रेम आहे तोवरच लिहावे. माझ्या वडिलांनी व काकांनी असा एक कागद केला असता तर ती नऊ वर्षे वाचली असती, असे मला अजून वाटते.

गिरणीतले आरोग्य

हे पान शेतीबरोबर आरोग्याचेही आहे, म्हणून काही सूचना.

पट्टा व चाक लोखंडी जाळीने पूर्ण झाकावे. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, सैल बाही पट्ट्यात अडकली की सुटायला क्षणाचीही सवड मिळत नाही. गिरणीवर बसणाऱ्या बाईने पदर खोचावा, केस बांधावेत. चालू यंत्रात हात घालू नये. पट्टा घसरला तर आधी वीज बंद करावी. मुलांना गिरणीत एकटे पाठवू नये.

अर्थिंग नीट करून घ्यावे आणि पावसाळ्याआधी तपासावे. ओल्या हाताने, अनवाणी पायाने स्टार्टरला हात लावू नये. फ्यूज उडाला तर जाड तार घालून चालवू नये.

पिठाची धूळ रोज छातीत गेली की काहींना शिंका, खोकला आणि पुढे दमा जडतो. खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात, पीठ पडते तेथे कापडी पिशवी बांधावी, नाकातोंडावर मास्क लावावा. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी आणि कामाच्या दिवशी जास्त होत असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. हवेत उडालेले पीठ पेट घेते, म्हणून गिरणीत विडी किंवा उघडा दिवा नको.

दगडाला टाकी लावताना उडणारी बारीक धूळही फुफ्फुसांना घातक असते. तोंडावर मास्क हवाच, आणि काम उघड्यावर करावे. टाकी लावल्यावर पहिले किलोभर धान्य दळून टाकून द्यावे. त्यात दगडाची कच असते. मिरची कांडण्याची सोय वेगळ्या खोलीत करावी. तान्ह्या बाळाच्या पेजेच्या नाचणीत मिरचीचा ठसका जाता कामा नये.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले

नऊ डब्यांचा आकडा पाहून त्यांनी मोठ्या गिरणीचे दरपत्रक परत केले. दरपत्रक देणारा रागावला, असे ऐकतो. त्यांनी घरातली बचत आणि एक म्हैस विकून आलेले पैसे घालून तीन अश्वशक्तीची लहान गिरण घेतली. पडवीतच बसवली. वेगळे मीटर घेतले. दारावर पाटी लावली: सकाळी ७ ते ९, संध्याकाळी ५ ते ७, रविवारी बंद. रोप लावणीच्या दिवसांतही त्या वेळा मोडल्या नाहीत. सासूबाईंनी त्या काळात गिरण सांभाळली, आणि वहीत त्यांच्या नावे मजुरी पडली. उधारीसाठी पाटीखाली दुसरी ओळ लिहिली, की डबा नेताना पैसे द्यावेत. ज्या दोन घरी खरोखर अडचण होती त्यांचे दळण त्यांनी फुकट केले. ते दान म्हणून लिहिले, उधारी म्हणून नाही.

एक वर्ष पुरे झाल्यावर दोघे वही घेऊन आले. दारावरून जाणारे डबे नऊ होते. थांबणारे सरासरी सातच निघाले. मोठी गिरण घातली असती तर काय झाले असते, हे त्यांना मी सांगायची गरज उरली नव्हती. लहान गिरणीतून वीज, दुरुस्ती, यंत्रासाठी बाजूला काढलेले पैसे आणि मजुरी वजा जाता महिन्याला सुमारे १,३०० रुपये उरत होते.

"एवढेच, फादर," नवरा थोडा ओशाळून म्हणाला.

बायकोने वहीचे पान उलटले. "एवढेच कसे? माझी मजुरी धरली आहे ना वर. ती माझ्या खात्यावर आहे." मग ती म्हणाली, "यंदा खताला कोणाकडे हात पसरला नाही. आणि उताऱ्यावर बोजा नाही."

मी त्या दोघांना आशीर्वाद दिला. दोन वर्षांपूर्वी मागितलेला आशीर्वाद होता तो. थोडा उशिरा दिला, एवढेच.

ज्यांच्या मनात असा काही विचार चालू आहे त्यांनी संत योसेफ श्रमिकाच्या सणाआधी, म्हणजे १ मेपूर्वी, चार आठवड्यांची मोजणी करून पाहावी. गिऱ्हाईक मोजा, घरातल्या माणसांचे तास मोजा, आणि मग वही घेऊन कोणत्याही रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर माझ्याकडे या. चहा तयार असेल. उतारा मात्र घरी पेटीत ठेवून या.

आपला,
धर्मगुरू